बिनतोंडाचा कारागीर

इस्त्रीसाहेबांनी सकाळी आरशापुढची निळी डबी सहज उघडली आणि ते दचकले. डबी जुनीच होती. तिच्यातल्या कफलिंक्सपैकी एक लाँड्रीत गेलेल्या शर्टाबरोबर कायमची गेली होती, दुसरी एकटी पडल्यावर कुठल्या खणात गेली कुणास ठाऊक, आणि डबी मात्र दोन रिकाम्या भोकांसकट आरशापुढे बसून होती. आज त्या दोन्ही भोकांत दोन नव्याकोऱ्या कफलिंक्स उभ्या होत्या. गोल, चपट्या, उजेडात धरल्या की सोनेरी झाक मारणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध दोऱ्याएवढं बारीक, वळणावळणाचं काहीतरी कोरलेलं.

याचा अर्थ एकच होता. आज लग्नाचा वाढदिवस होता आणि ते विसरले होते.

तो याच सुमाराला कधीतरी येतो, इतपत त्यांना खात्री होती. नेमकी तारीख त्यांच्या डोक्यात कधी राहिलीच नाही. परक्यांच्या लग्नाच्या तारखा मात्र त्यांना वर्षभर आधीपासून पाठ असत, कारण ते एका बड्या हॉटेलात मेजवान्यांचे मॅनेजर होते. कुणाला काय वाढायचं, रुमालाची घडी कशी घालायची, ग्लास चमच्यापासून किती अंतरावर ठेवायचा, यात त्यांचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर दिवसभराच्या धावपळीनंतरही सकाळची घडी शाबूत असे. म्हणून वेटर लोकांनी पाठीमागे त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग येण्याऐवजी बरंच वाटलं.

बायकोचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं. ती एका संशोधन संस्थेत जंतांचा अभ्यास करायची. त्यातही पट्टकृमींचा, म्हणजे रिबिनीसारखे चपटे जे जंत दुसऱ्याच्या आतड्यात बिऱ्हाड थाटतात त्यांचा, आणि त्यातही फक्त त्यांच्या कातडीचा. ज्या माणसाला दिवसभर लोकांना जेवू घालायचं असतं त्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर जंत येता कामा नयेत, असा नियम साहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात केला. बायकोनं तो हसून मान्य केला. पंचाईत एवढीच की दोघांच्या वेळा अशा विचित्र, की त्यांची गाठ पडायची ती जेवणाच्या टेबलावरच. त्यामुळे आपली बायको नेमकं काय करते हे साहेबांना शेजाऱ्यांइतकंच ठाऊक होतं.

काल रात्रीही ती म्हणाली होती, "उद्या माझे ते दोघं..." आणि साहेबांनी घास तोंडात असल्यामुळे नुसता तळहात वर केला होता. तिनं पुढचं वाक्य घासाबरोबर गिळलं.

आता डबीकडे बघताना त्यांना भरून आलं. एवढं सगळं होऊनही तिनं गुपचूप आपल्यासाठी कफलिंक्स आणल्या, डबीत ठेवल्या आणि एक शब्द न बोलता सकाळीच संस्थेत निघून गेली. ही बाई मनानं किती मोठी आहे असं त्यांना वाटलं. जोडाला मागून अडकवायला कडी नव्हती, नुसता आखूड दांडा होता. नवी फॅशन असेल म्हणून त्यांनी दांड्यांना मागून रबर गुंडाळलं. हॉटेलवाल्याच्या खिशात पार्सलची रबरं असतातच. मग डाव्या कफलिंकवर तोंडानं वाफ सोडून त्यांनी ती रुमालानं चांगली घासली. उजवी घासणार तोच स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. ते धावले, आणि उजवी तशीच राहिली.

हॉटेलात त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त गडबड होती. हॉटेलवाल्यांच्या मंडळाचे परीक्षक दुपारी जेवायला यायचे होते. शहरातल्या सर्वांत स्वच्छ स्वयंपाकघराला ते दरवर्षी मानाची ढाल देत, आणि मालकीणबाईंचं हॉटेल गेली कित्येक वर्षं समोरच्या हॉटेलाच्या खालोखाल दुसरं येत होतं. समोरच्यांनी ती ढाल रस्त्याकडेच्या खिडकीत, बाईंच्या खोलीतून बरोबर दिसेल अशी लावून ठेवली होती. एवढ्या धांदलीतही साहेबांनी भेटेल त्याला मनगट दाखवलं. वस्तादांना दाखवलं, वस्ताद म्हणजे हॉटेलचे मुख्य आचारी. मामांना दाखवलं, म्हणजे सगळ्यांत जुन्या वेटरला. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस, हे बायकोनं दिलं, असं सांगताना त्यांचा आवाज जरा ओला होत होता.

मालकीणबाईंना दागिन्यांचं भारी वेड. त्यांनी साहेबांचा उजवा हात खिडकीशी ओढून नेला आणि चष्मा वर-खाली करून ती नक्षी पाहिली. एवढं बारीक काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं म्हणे. मग त्यांच्या लक्षात आलं की मागे कडी नाही, रबर आहे, आणि त्यांना ते सहन होईना. "अहो, एवढा ऐवज आणि रबरावर? द्या इकडे एक. जेवणं उरकली की सोनाराकडे पाठवते, तापवून कडी डकवून देईल. दोन्हींचं माप एकच असणार." त्यांनी ती कफलिंक अगदी कडेनं, दोन बोटांत धरून काढली. दागिना मधोमध धरायचा नसतो, डाग पडतात, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं. साहेबांनी उजव्या बाहीला तात्पुरती टाचणी लावली.

दुपारी ते स्वयंपाकघरात परीक्षकांसाठीचं सूप चाखत होते तेव्हा बायकोचा फोन आला. ती दुपारची घरी परत आली होती.

"आरशापुढच्या डबीत माझ्या दोन टिकल्या होत्या. कुठेयत?"

"हातावर," साहेब लाजून म्हणाले. "अगं, सगळ्यांना फार आवडल्या. आणि तुलाही, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा."



"तू त्या घातल्यास?"

"शोभतायत."

"ऐक. हातातलं सगळं खाली ठेव. त्या कफलिंक्स नाहीत. ते जंत आहेत."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. ते पाहून वस्तादांचा चेहरा पडला; सूप फसलं असं समजून त्यांनी नवीन टाकायला घेतलं. साहेब तिथून हलले आणि धान्याच्या कोठीत जाऊन उभे राहिले. बायको ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात, एकेक गोष्ट समजावून सांगत होती, आणि तेच त्यांना झेपत नव्हतं.

पाकट नावाच्या चपट्या माशाच्या आतड्यात तिला ही जात सापडली होती. तशी आजवर कुणाला सापडली नव्हती, आणि नमुने होते दोनच. त्यांच्यातलं पाणी काढून, सुकवून, ॲल्युमिनियमच्या टिकल्यांवर चिकटवून तिनं त्यांना काल सोन्याचा मुलामा दिला होता. मोठ्या सूक्ष्मदर्शकात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतात, त्याला धातूचा पातळ थर लागतो. तो सूक्ष्मदर्शक दुसऱ्या संस्थेत होता, तिथला नंबर कितीतरी महिन्यांनी आज लागला होता, चार वाजता. टिकल्यांचे दांडे साहेबांच्या जुन्या डबीत घट्ट बसले म्हणून तिनं ती घेतली. सकाळी बसच्या गर्दीत नमुने धक्के खातील म्हणून दुपारी घरून टॅक्सीनं न्यायचे ठरवले होते.

"काल सांगतच होते," ती म्हणाली. "तू हात वर केलास."

साहेबांनी इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "एवढं काय असतं गं त्या कातडीत?"

ती म्हणाली, "त्याला तोंड नाही. पोट नाही. जन्मभर जेवणात बुडालेला असतो आणि खायला तोंड नाही. तो कातडीनं जेवतो. सगळ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे रोम असतात. जिथे घट्ट धरून बसायचं तिथे टोकदार, जिथे जेवायचं तिथे मऊ, दाट. कुणाचे कंगव्यासारखे, कुणाचे पंजासारखे. याच्या मानेवरचे कसे आहेत ते जगात कुणीच पाहिलेलं नाही. आज मी पाहणार होते." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज चिरकला. मग तिनं स्वतःला सावरून विचारलं, "त्यांना बोट नाही ना लावलंस? पाणी, वाफ, काही?"

"छे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी डाव्या मनगटाकडे बघायचं टाळलं. "तू थेट तिकडेच जा. मी दोन्ही घेऊन येतो."

डाव्या कफलिंकची मधली नक्षी पार चापून बसली होती. तिचं काय व्हायचं ते झालं होतं. म्हणजे आता सगळी भिस्त उजवीवर, आणि उजवी मालकीणबाईंकडे होती. जेवण होताच ती सोनाराच्या भट्टीपुढे जाणार होती. साहेबांनी डावी काढून एका कोरड्या बशीत ग्लासाखाली झाकली आणि ते जेवणाच्या दालनाकडे निघाले. मालकीणबाईंना खरं काय ते सांगावं आणि कफलिंक मागून घ्यावी, एवढा साधा बेत होता. दार ढकललं आणि तो बेत तिथेच राहिला.

परीक्षक पोचले होते. स्वच्छ स्वयंपाकघराच्या ढालीसाठी आलेली मंडळी टेबलाभोवती बसली होती, सूप यायचं होतं, आणि मालकीणबाईंनी मधोमध पांढऱ्या रुमालावर कफलिंक उभी करून ठेवली होती. मुख्य परीक्षक काट्याचमच्यांवरचे डाग शोधायला खिशात भिंग घेऊन हिंडत. तेच भिंग लावून ते आता जंताकडे बघत होते. त्यांचं नाक आणि जंत यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. या खोलीत, या घटकेला, जंत हा शब्द तोंडातून निघाला असता तर ढाल राहिली दूरच, हॉटेलालाच टाळं लागलं असतं. घरी केलेला नियम आपल्यालाच इतक्या कडकपणे पाळावा लागेल असं साहेबांना कधी वाटलं नव्हतं.

"या, या," मालकीणबाई म्हणाल्या. "यांचीच ती. हात नका हं लावू," हे परीक्षकांना, "डाग पडतात." साहेबांनी मनातल्या मनात बाईंच्या आईला हात जोडले.

"काय सुरेख काम आहे," मुख्य परीक्षक भिंगातून मान न काढता म्हणाले. "हा पट्टा दिसतोय. एकेक खण आखून जोडलेला."

"पट्टाच आहे," साहेब म्हणाले.

"कुणाचा हात म्हणायचा हा? कारागीर कुठला?"

खोटं बोलायचं नाही असं साहेबांनी कोठीतून निघतानाच ठरवलं होतं. दुपारचं एक खोटं त्यांना पुरेसं जड झालं होतं. "समुद्राकडचा आहे," ते म्हणाले.

"बोलावता येईल का? चार शब्द बोलू त्याच्याशी."

"त्याला तोंड नाही, साहेब."

"अस्सल कारागीर असेच. बोलतात कमी." परीक्षकांनी बाजूच्या माणसाकडे बघून मान डोलावली. "दुकान-बिकान आहे का?"

"दुसऱ्याच्याच घरात राहतो. बाहेर पडत नाही. घरमालकाला बहुतेक वेळा पत्तादेखील नसतो."

"आणि खाऊन-पिऊन सुखी आहे ना?"

"त्याची काळजी नको," साहेब म्हणाले. एवढ्यात वस्तादांनी दारातून खूण केली. नव्यानं टाकलेलं सूप मिठाला बरोबर आहे का ते बघायला या, नाहीतर मी नोकरी सोडतो, असा त्या खुणेचा साधारण अर्थ होता. साहेब आत गेले, चाखलं, उत्तम आहे म्हणाले, पहिलंही उत्तमच होतं असंही सांगितलं, त्यावर वस्ताद आणखी दुखावले, आणि त्यांची समजूत घालेपर्यंत बाहेर सूप वाढून, खाऊनही झालं.

परत येतात तो टेबलावरच्या सुपाच्या बश्या उचललेल्या, पांढरा रुमाल उचललेला, आणि रुमालावरची कफलिंक नाही. पुढचा पदार्थ यायला वेळ होता म्हणून मालकीणबाई परीक्षकांना पुढच्या बागेतली झाडं दाखवायला घेऊन गेल्या होत्या. साहेबांनी धावत जाऊन विचारलं तर त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच घेतलीत.

म्हणजे बश्या-चमच्यांबरोबर ती भांडी घासायच्या खोलीत गेली. साहेब त्या खोलीत कसे पोचले हे त्यांना नंतर आठवेना. त्यांनी यंत्र बंद करवलं, पाणी बंद करवलं, कुणी काही हलवू नका म्हणून हुकूम सोडला, आणि घडी न मोडणाऱ्या त्या बाह्या कोपरापर्यंत सारून उष्ट्या चमच्यांच्या टोपात दोन्ही हात घातले. एकेक चमचा उजेडाला धरून, उलटसुलट बघून ते बाजूला ठेवत होते. बायकोचा चिरकलेला आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता. तिला फक्त त्या दोन टिकल्या शाबूत हव्या होत्या, आणि त्यांच्यानं तेवढंही झालं नव्हतं.

मागे पावलं वाजली. बागेतली झाडं बघून संपली होती आणि मालकीणबाई परीक्षकांना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन आल्या होत्या. दारात सगळे थबकले. हॉटेलचा मॅनेजर, घामाघूम, एकेक उष्टा चमचा डोळ्यांशी धरून तपासतोय, आणि सारी खोली श्वास रोखून उभी आहे.

"हे रोजचंच का?" मुख्य परीक्षकांनी दबक्या आवाजात विचारलं.

मालकीणबाई मुरलेल्या होत्या. "आम्ही त्यांना कितीदा सांगतो, यंत्र आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "ऐकत नाहीत."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जणू देवळात आल्यासारखे ते पाय न वाजवता निघून गेले. साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांचा टोप संपला होता आणि कफलिंक मिळाली नव्हती. ते तिथेच उलट्या बादलीवर बसले. तेव्हा मामा आले आणि त्यांनी विचारलं, "काय शोधताय साहेब?"

"टेबलावरची कफलिंक, मामा."

"ती होय. ती तुमच्या कपाटात आहे की."

पाहुण्यांची विसरलेली वस्तू, मग ती दातकोरणी का असेना, कोरड्या बशीत ठेवायची, वरून ग्लास उपडा घालायचा, आणि कपाटात कुलपात. पुसायची नाही, हाताळायची नाही, मालकानं ओळखली तर जशीच्या तशी द्यायची. हा नियम साहेबांनीच घालून दिला होता आणि त्यावरून वेटर लोक त्यांची टिंगल करत. मामा टिंगल करण्यात पहिले आणि नियम पाळण्यातही पहिले. रुमालाची चार टोकं धरून त्यांनी कफलिंक जशी होती तशी बशीत उतरवली होती. कपाट उघडलं तेव्हा ती ग्लासाखाली ऐटीत उभी होती. साहेबांनी मामांना मिठीच मारली. मामांनी त्यांच्या ओल्या बाह्यांकडे बघितलं आणि साहेबांना बहुधा ताप आला असावा असं ठरवलं.

आता प्रश्न होता तो न्यायच्या कशा. डबी घरी राहिली होती. पण कुठलीही वस्तू धक्का न लागता एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं हा तर साहेबांचा हातखंडा. त्यांनी चांदीचं तबक काढलं, त्यावर पावाचा जाड तुकडा ठेवून त्यात दोन्ही दांडे रोवले, मग पावाला ओल असते हे आठवून तो टाकून दिला आणि त्याजागी बाटलीची दोन बुचं ठेवली. वरून पाहुण्यांपुढे गरम पदार्थ नेताना घालतात तो चकचकीत घुमट घातला. टॅक्सीत ते तबक मांडीवर न ठेवता दोन्ही हातांवर अधांतरी धरून बसले, म्हणजे खड्ड्याचा दणका कोपरांत जिरावा.

संस्थेच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "कँटीन मागच्या बाजूला."

बायको आतल्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि घुमट उचलायच्या आधी एका दमात बोलून गेले. "डावा मी घासला. सकाळीच. रुमालानं. वाफ सोडून. फोनवर खोटं बोललो. उजव्याला मी हात लावलेला नाही, मालकीणबाईंनीही कडेनंच धरला, भिंगवाल्यांनीही नाही लावला. एवढंच."

तिनं घुमट उचलला, बुचात उभे असलेले ते दोघे पाहिले आणि नुसतं म्हणाली, "आधी उजवा."

सूक्ष्मदर्शक चालवणारे गृहस्थ वेळेचे पक्के होते. त्यांनी टिकली चिमट्यानं उचलून यंत्रात बसवली, आतली हवा काढायला लावली, आणि अंधारलेल्या खोलीत पडद्यावर राखाडी चित्र उमटलं. आधी नुसता डोंगर दिसला, मग डोंगराची घडी, मग घडीवरची खरखर. गृहस्थ एकेक टप्पा आत जात राहिले आणि ती खरखर उलगडत गेली.

साहेब बघतच राहिले. ओळीमागून ओळी पंजे उभे होते. प्रत्येकाला निमुळती बोटं, सगळी एकाच दिशेला किंचित झुकलेली, आणि कुठेही एक पंजा वाकडा नाही, एक जागा मोकळी नाही. मानेशी ते रुंद होते, खाली सरकावं तसे बारीक होत होत केसांसारखे झाले, आणि तरी त्यांची ओळ मोडली नाही. मेजवानीच्या टेबलांवर रुमालांचे पंखे लावताना साहेबांनी माणसांवर जन्मभर डाफरून घेतलं होतं. शेवटच्या टेबलावर हमखास एखादा कलंडलेला असायचाच. इथे नजर पोचेल तिथवर पंखेच पंखे, आणि कलंडलेला एकही नव्हता.

"हे कोण लावतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही," बायको म्हणाली. "असेच उगवतात." तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते आणि गाल ओले झाले होते. "पंजेच आहेत. मला वाटलंच होतं पंजे असतील."

"आणि हे सगळं एका..."

"एका जंताच्या मानेवर."

साहेबांनी मान हलवली. इतकी वर्षं ही बाई हे असलं काहीतरी पाहून घरी येत होती आणि आपण तिला तळहात दाखवत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. तसं त्यांनी तिथल्या तिथे, यंत्रवाल्या गृहस्थांसमोर सांगूनही टाकलं. गृहस्थांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग डावा लावला. पडद्यावर तेच पंजे दिसले, पण सगळेच्या सगळे एका अंगाला चापून बसवलेले, मधोमध एक सरळ रेघ. बायकोनं दोन-चार क्षण ते पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अरे, भांग पाडलास त्याचा," ती म्हणाली आणि हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. यंत्रवाले गृहस्थही हसले. भांग पाडलेल्या पट्टकृमीचाही एक फोटो काढण्यात आला.

संध्याकाळी हॉटेलात त्यांच्यासाठी कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलं होतं आणि वर केक होता. मालकीणबाईंचा हुकूम होता. साहेबांनी बायकोसाठी खुर्ची ओढली, रुमाल उलगडून दिला, आणि म्हणाले की भेट आणायची राहिली, पण उद्या नक्की.

"घाई नको," ती केकचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "आपला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे."

साहेबांचा काटा हवेतच राहिला. "मग दुपारी का नाही बोललीस?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुला तो आठवला. म्हटलं कशाला मोडता घाला."

साहेबांनी मुकाट्यानं आणखी एक तुकडा तिच्या बशीत वाढला. मग न राहवून त्यांनी विचारायला सुरुवात केली. ते पंजे किती दिवसांत येतात, झिजले तर नवे येतात का, ज्याच्या आतड्यात तो राहतो ते आतडं सगळं पचवतं मग याला कसं पचवत नाही. बायको उत्तरं देत होती, साहेब काट्यानं केकवर आकृत्या काढून पुन्हा विचारत होते, आणि त्यांचा आवाज हळूहळू चढत होता. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं खाणं थांबवलं. पलीकडच्या कुटुंबानं बिल मागवलं.

एवढ्यात मालकीणबाई आल्या. चेहरा उजळलेला, हातात ढाल. समोरच्या हॉटेलाकडे बघत त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, परीक्षकांनी एकमतानं दिली. ज्या हॉटेलात मॅनेजर स्वतः उष्टे चमचे तपासतो तिथे आणखी काय बघायचं, असं म्हणाले. पण त्यांची एक विनंती होती. मुख्य परीक्षकांच्या डोक्यातून तो कफलिंकवाला कारागीर जात नव्हता.

"मी त्यांना शब्दच दिलाय," बाई म्हणाल्या. "एकदा त्याला इथे जेवायला बोलावू. काय हरकत आहे?"

साहेबांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं रुमालानं ओठ टिपले.

"त्याला बोलवावं लागत नाही, बाई," ती शांतपणे म्हणाली. "जेवण असलं की तो आपणहून येतो. नंतर उठवणंच अवघड."

"असा कसा माणूस?" बाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "नीट सांगा बघू मला, आहे तरी कोण हा?"

बायकोनं तोंड उघडलं. साहेबांच्या हातात काटा होता, काट्यावर केक होता. त्यांनी दुसऱ्या हाताचा तळहात वर केला.